एक ते सात : खुशालभाऊंची प्रतवारी

खुशालभाऊ मेश्राम धानाचा दाणा दाढेखाली धरत आणि डोळे मिटत. 'टक्' असा आवाज आला की धान वाळलेलं. आवाज न येता दाणा नुसता दबला, की ओलं. मग डोळे उघडून ते समोरच्या शेतकऱ्याकडे असे बघत, जणू त्याच्या घरचं कुणी आजारी आहे, आणि म्हणत, "दोन दिवस ऊन दाखव गा. मंग आण." ओलावा मोजायचं यंत्र आमच्या केंद्रावर होतं. ते नंतर लावलं जाई. यंत्रात आकडा उमटेपर्यंत खुशालभाऊ दुसऱ्या पोत्यापाशी पोचलेले असत. आकडा काय येणार हे त्यांना माहीत असे, आणि यंत्रालाही बहुधा त्यांचा धाक होता.

लाखनीच्या पुढे हायवेला लागून आमचं धान खरेदी केंद्र. ते तिथे ग्रेडर, मी काट्यावर. चौदा हंगाम आम्ही एकाच टिनाच्या शेडखाली काढले. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. आता कुठे त्यांचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, की खुशालभाऊंनी लावलेली प्रत कुणाच्या बापाला बदलता आली नाही. आणि दुसरी, हसत हसत, की धानात भाऊ पक्के, पण रॅपच्या यादीत घसरले. ही दुसरी गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगू शकेल असा माणूस या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो मी. पण एकदम तिथे जात नाही. मला तशी सवय नाही.

खुशालभाऊ अंगानं किरकोळ, मानेभोवती पांढरा दुपट्टा, वरच्या खिशाला दोन पेन. दोन्ही बंद. लिहायची वेळ आली की माझं मागत. खालच्या खिशांत कागदाच्या पुड्या, पुड्यांत धानाचे नमुने. वहिनी धुवायच्या शर्टातून दर आठवड्याला मूठभर धान काढून कोंबड्यांना टाकत. "आमच्या कोंबड्या बी अ प्रतीचंच खाते," असं त्या अभिमानानं सांगत.

सरकारी कागदावर धानाच्या प्रती दोनच, 'अ' आणि 'साधारण'. खुशालभाऊंनी त्या दोन प्रतींत सगळं जग बसवलं होतं. लग्नातून आले की सांगत, "नवरदेव अ, वरण साधारण, बँड परत पाठवण्यासारखा." पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की, "तुकडा जास्त होता." म्हणजे वाक्यं अर्धी सोडत होता. आमच्या हमालांचा मुकादम ग्यानीराम एकदा नवी मिशी ठेवून आला, तर त्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि म्हणाले, "उफणून आण." माझ्याबद्दल त्यांचं ठरलेलं मत होतं: "सुधाकर, तुझं पोतं तोंडाशी शिवून ठेवलं हाये बाबू. परखीच जात नाई." परखी म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. मी हसत असे. बोलत नसे.

कठोर होते, पण निकाल देऊन समोरच्याला एकटं सोडत नसत. त्यांच्या सख्ख्या साळ्यानं एका वर्षी ओलं धान आणलं. "घरचा माणूस हावो ना जी," साळा म्हणाला. "तवाच तर," खुशालभाऊ म्हणाले. ते धान केंद्राच्या अंगणातच पसरायला लावलं, आणि दोन दिवस दुपारच्या सुटीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः साळ्याबरोबर पायानं सऱ्या पाडत फिरले. डबा दोघांनी एकातच खाल्ला. तिसऱ्या दिवशी दाणा दाढेखाली ठेवून म्हणाले, "आता तू माझा साळा."

माझे वडील एकदाच केंद्रावर आले होते. आमचं गाव करडी. तिकडून यष्टी बदलत बदलत म्हातारा मला भेटायला आला. वडील आयुष्यभर तुमसरला एका मिलवर चौकीदार, गुडघे कधीच गेलेले. यष्टीतून उतरताना ते उलटे उतरत. तोंड गाडीकडे, दोन्ही हातांनी दांडा धरून, एकेक पायरी. मी काट्यावरून उठून जायला हवं होतं. पोतं काट्यावर होतं, आकडा थरथरत होता, मी आकड्याकडे बघत राहिलो. खुशालभाऊ रस्ता ओलांडून गेले. काही न विचारता त्यांनी मागून वडिलांच्या कमरेला हात लावला आणि म्हणाले, "या जी, सोडा दांडा, मी हावो." नंतर चहा पाजला. मला एक शब्द बोलले नाहीत. हे एवढं लक्षात असू द्या.

रॅपचं वेड त्यांना पन्नाशीच्या आसपास लागलं, तेही यष्टीत. त्यांचं गाव लाखांदूरकडे. सुटीला जाताना मागच्या सीटवर कुणाच्या तरी मोबाइलवर एक माणूस धडाधड बोलत होता. ताल होता, चाल नव्हती. कंडक्टर ओरडला, "बंद कर बे ते!" खुशालभाऊ वळून म्हणाले, "राहू द्या जी. तो आपल्या बोलीत बोलून राहिला."

बोलत होता तो एमसी चुलबंद. चुलबंद ही त्यांच्या तालुक्यातून वाहणारी नदी. तिचं नाव घेऊन तिकडचाच हा माणूस वीसहून जास्त वर्षांपासून रॅप करतो. आता सत्तेचाळिशीचा आहे, टोपी उलटी घालतो, टोपीखाली केस उरलेले नाहीत. पण त्याच्याआधी आमच्या भागातलं कुणी 'मले', 'तुले' करत माइकसमोर उभं राहिलं नव्हतं. खुशालभाऊ आपला थांबा सोडून पुढच्या थांब्यावर उतरले, गाणं अर्धं होतं म्हणून, आणि तेवढं अंतर चालत मागे आले.

"हे काही नवीन नाई," सुटीहून परतल्यावर मला म्हणाले. "आपल्या दंडारीच्या खेळात दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकाची उतरवत होते का नाई? तेच हे. यात फक्त समोरचा दिसत नाई."

मग त्यांनी चुलबंदचे सगळे अल्बम मोबाइलमध्ये भरून घेतले. सात होते. आणि अर्थातच, अल्बमना प्रत लावल्याशिवाय त्यांना झोप येईना.

याचा आमच्याकडे रिवाजच पडला. हंगामाचा शेवटचा ट्रक गेला, शेड झाडून झालं, की त्या दुपारी सगळे रिकाम्या बारदान्यावर, म्हणजे गोणपाटाच्या पोत्यांवर, बसत. ग्यानीराम स्पीकर आणी. धान उफणायला येणाऱ्या बायकांपैकी शेवंताबाई शेंगदाणे आणत आणि भांडण आणत. ज्या फळ्यावर रोजची आवक लिहायची, तो खुशालभाऊ ओल्या फडक्यानं पुसत आणि माझ्याकडून खडू घेऊन एक ते सात आकडे टाकत. पहिलं ते उत्तम, सातवं ते वाईट. दर वर्षी नव्यानं ऐकायचं, नव्यानं प्रत लावायची. "मागच्या सालच्या धानावर या सालची चिठ्ठी लावत नाई ना आपण?" हा त्यांचा युक्तिवाद.

ऐकायची पद्धत धानाचीच. पोत्याच्या वरची मूठ ते कधी बघत नसत. "वर सगळेच चांगलं ठेवते. परखी मधी घाला, बुडाशी घाला." म्हणून अल्बमचं पहिलं गाणं ते ऐकतच नसत. तिसरं, पाचवं आणि शेवटून दुसरं, एवढं ऐकायचं आणि निकाल द्यायचा.

"मंग पयलं गाणं का कोंबड्याईले टाकता?" शेवंताबाई विचारत.

"तुमी घ्या घरी."

पहिल्या नंबरावर कायम 'रोवणी'. चुलबंदचा पहिलाच अल्बम, कुणाच्या तरी घरातल्या कुलरचा आवाज मागे ऐकू येतो असा. "कुठूनबी परखी घाला, दाणा भरलेला." दुसरा 'नदीकाठचे', तिसरा 'शनिवारचा बाजार'. चौथा 'बायको म्हणे', ज्याला पहिला नंबर मिळावा म्हणून शेवंताबाई दर वर्षी उभ्या राहून भांडत, कारण त्यातली बायको नवऱ्याला सात मिनिटं सलग सुनावते. पाचवा 'नागपूर रिटर्न'. सहावा 'मी कोण हाये'. हा ग्यानीरामचा आवडता. त्याच्या ठेक्यावर पोतं उचललं की जड लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

"सारा अल्बम आपलंच नाव घेऊन राहिला तो," खुशालभाऊ म्हणत. "ओलावा जास्त हाये. ओलाव्यानं वजन वाढते ग्यानीराम, दाणा नाई वाढत."

"भाऊ, पण वाजते कसा!"

"रिकामा डबा बी वाजते."

आणि सातवा, दर वर्षी सातवा, 'पुण्याचा पाहुणा'. चुलबंद मध्ये दोन वर्षं पुण्याला गेला होता. तिथे कुणीतरी त्याला सांगितलं की तुझी बोली बाहेर चालत नाही. त्यानं अर्धी हिंदी, अर्धी कुठलीच नाही अशा भाषेत तो अल्बम केला. खुशालभाऊंचा निकाल एका शब्दाचा असे. "पोचट." म्हणजे वरून धानासारखं दिसतं, आत तांदूळ नाही. ग्यानीराम हसे, शेवंताबाई हसत, मीही हसत असे.

आता सांगतो. 'पुण्याचा पाहुणा'मधलं पहिलं गाणं मी लिहिलेलं आहे.

भंडाऱ्याला कॉलेजात असताना चुलबंद आणि मी एक वर्ष एका खोलीत होतो. तेव्हा तो नुसता मनोहर होता. तो बडबडे, मी वहीत लिही. माझी वही त्यानं वाचली होती, दुसऱ्या कुणी नाही. पुढे नोकरी, लग्न, मुली. काट्यावरचा बाबू रॅप लिहितो हे सांगायची मला लाज वाटे. पुण्याहून त्यानं फोन केला: "सुधाकर, या अल्बमात माझं काहीच नाई राहिलं. एक गाणं तरी घरचं दे." मी वहीतलं एक पाठवलं. अट घातली, की नाव सांगायचं नाही. ते माझ्या वडिलांचं गाणं होतं. लहानपणी शनिवारी संध्याकाळच्या यष्टीनं ते करडीला येत आणि उलटे उतरत, आणि थांब्यावरची पोरं हसत. मीही त्यांच्यात उभा राहून हसत असे, हा माणूस आपला कुणी नाही अशा चेहऱ्यानं. गाण्याच्या दोन ओळी अशा आहेत:

यष्टी थांबे पिपळाखाली, उतरे सारा गाव,
एक मानूस उलटा उतरे, मी सांगत नाई नाव.

खुशालभाऊंनी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. वरची मूठ ना ती. दर वर्षी मी रिकाम्या बारदान्यावर बसून 'पोचट' ऐके आणि त्यांना खडू देई. एक वाक्य बोलायचं होतं: भाऊ, यातलं पहिलं एकदा ऐका. तेवढं एक वाक्य मला चार वर्षांत जमलं नाही. जमलं ते निराळंच.

चुलबंदला रॅप करायला लागून वीस वर्षं झाली, म्हणून भंडाऱ्यात एका मैदानावर कार्यक्रम ठरला. जुन्या चाहत्यांच्या याद्या मोठ्या फलकावर लावायच्या होत्या. आमच्या फळ्याची कीर्ती तोवर गोंदियाच्या रस्त्यापर्यंत गेली होती. कार्यक्रमवाल्यांनी यादी मागितली. खुशालभाऊंना मोबाइलवर लिहिता येत नसे. बोटाला एका वेळी तीन अक्षरं लागत. ते म्हणाले, "लिव बाबू," आणि सातही नावं सांगितली. मी लिहिली. तेवढ्यात कुणीतरी पोतं उघडून हाक मारली, म्हणून ते परखी घेऊन गेले.

मी पहिलं आणि सातवं नाव बदललं. 'पुण्याचा पाहुणा' वर, 'रोवणी' खाली. आणि पाठवून दिलं.

काही फार मोठं केलं असंही वाटलं नाही. दोन नावं तर होती. कुठेतरी एका फलकावर माझं गाणं असलेला अल्बम एकदा वर दिसावा, एवढंच. त्या यादीखाली नाव कुणाचं आहे, हे मी सोयीनं विसरलो.

कार्यक्रमाला आम्ही सगळे भाड्याच्या पिकअपमध्ये बसून गेलो. दुपारचे चार. शेवंताबाईंनी नवी साडी नेसली होती. मैदानाच्या तोंडाशीच फलक, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'खुशाल मेश्राम, धान ग्रेडर, लाखनी'. खाली एक ते सात.

ग्यानीरामनं वाचलं. पुन्हा वाचलं. "भाऊ," तो म्हणाला, "पोचटाले अ?"

खुशालभाऊंनी फलक वाचला. मग दुपट्ट्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं, जणू दाढेखाली ठेवलेल्या दाण्याचा आवाज चुकीचा आला होता. मी चपलेचा पट्टा नीट करत खाली बसलो होतो.

पुढचं जे झालं ते मी योजलेलं नव्हतं. चुलबंद मंचावर आला आणि पहिलंच बोलला: "लोकहो, आपले लाखनीचे ग्रेडर खुशालभाऊ, ज्याईनं आयुष्यात कोनाले खोटी प्रत नाई लावली, त्याईनं 'पुण्याचा पाहुणा' पयला ठेवला. मले सोताले त्या अल्बमची शरम वाटत होती. आज शरम गेली. आज पूरा अल्बम गातो!"

आणि गायला. सगळी नऊ गाणी. पुढची रांग मान देऊन आम्हाला दिलेली, त्यामुळे उठताही येईना. पाचव्या गाण्याला ग्यानीराम कुजबुजला, "भाऊ, अजून किती हायेत?"

"चार," खुशालभाऊ म्हणाले.

"तुमीच आणले हे आमच्यावर."

शेवंताबाई म्हणाल्या, "मी तर म्हणतो, खरंच कोंबड्याईले टाकाले पायजे होतं."

पण मी मधलं सोडून पुढे आलो. पहिलं गाणं सुरू करण्याआधी चुलबंद म्हणाला होता, "हे एक गाणं माझं नाई. एका दोस्ताचं हाये. नाव सांगाची त्याची मनाई हाये." आणि मग यष्टी पिंपळाखाली थांबली, सारा गाव उतरला, आणि एक माणूस उलटा उतरायला लागला. खुशालभाऊंना त्या दिवशी पहिलं गाणं टाळून पुढे जाता येणार नव्हतं. त्यांचा गुडघ्यावर ताल धरलेला हात थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी बसलो होतो मी, बघायला काहीच अडचण नव्हती. गाणं संपेपर्यंत ते समोर बघत राहिले आणि संपल्यावर एकट्यानं टाळी वाजवली, बाकीच्यांच्या थोडी नंतर.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये सगळ्यांनी त्यांना धरलं. किती पोते शेंगदाणे खाऊ घातले भाऊ त्यानं, चष्मा कोणाचा लावला होता, जावई हाये का तो तुमचा. खुशालभाऊ म्हणाले, "सांगतानी उलटं सांगतलं असंन म्या. वय झालं." इतकंच. मी तेव्हा बोलू शकलो असतो. पिकअपमध्ये आठ माणसं होती, आणि अंतर काही कमी नव्हतं. मी टिनाला डोकं टेकून झोपल्यासारखं केलं.

गंमत तिथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. पुढच्या हंगामात एका शेतकऱ्याचं धान त्यांनी परत पाठवलं. अर्ध्याहून जास्त पोचट होतं, मी स्वतः बघितलं. तो माणूस रांगेसमोर मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, तुमची यादी पायली ना आमी भंडाऱ्यात. त्या पाहुण्याले पयला नंबर देता, मंग माझ्या धानानं काय घोडं मारलं?" रांग हसली. इतक्या वर्षांत मी त्यांना परखी खाली ठेवताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ठेवली. मग उचलली, पुन्हा नमुना काढला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तूच फुंक. उडालं त परत ने, राहिलं त घेतो." उडालं. तो गेला. पण तो हंगामभर असं कुणी ना कुणी म्हणत राहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यांना दुसऱ्यांदा नमुना काढून दाखवावा लागला. पूर्वी एकदा पुरत असे.

शेवटचा ट्रक गेला. ग्यानीरामनं स्पीकर लावला. खुशालभाऊंनी फळा पुसला नाही. "या सालची नाई लावत," म्हणाले, आणि बारदान्याच्या थप्पीमागे जाऊन उगाच पोती मोजू लागले.

मी मागे गेलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. "भाऊ, ती यादी," इथून सुरुवात केली आणि "मी" या शब्दाशी अडकलो, तेवढं आठवतं.

"मले माहीत हाये," ते पोती मोजतच म्हणाले.

"कवापासून?"

"तुझा बाप त्या गाण्यातून उतरला, तवापासून."

"मंग बोलले काहून नाई?"

"ओला माल घेतला काय म्या कधी? सुकू देत होतो." मग वळले, आणि हसले. माझ्या अंगावर ते हसणं अजून आहे. "लय टाइम लागला बाबू तुले. पावसाळा मधी आला."

मी रडलो असेन. त्यांनी दुपट्ट्याचं टोक पुढे केलं. त्याला धानाची कुसं होती, डोळ्याला टोचली.

"आता प्रत सांगू?" ते म्हणाले.

"सांगा."

"गाणं अ. चोख अ. त्यात माझी बी चूक हाये. वरची मूठ लबाडीचीच रायते असं धरून चाललो मी. एवढी वर्षं. असं धरू नाई." मला वाटलं, आता अल्बमचाही नंबर चढणार. "पण अल्बम सातवाच. एका मुठीनं पोतं सुधरत नाई सुधाकर."

मला हसू आलं. इतकं मोकळं मी केंद्रावर कधी हसलो नव्हतो.

त्या दुपारी त्यांनी सातही अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकले. 'बायको म्हणे' चौथ्यावरून तिसऱ्यावर गेला आणि शेवंताबाईंनी सगळ्यांच्या ओंजळीत पुन्हा शेंगदाणे ओतले. 'रोवणी' पहिला. 'पुण्याचा पाहुणा' सातवा. ग्यानीराम म्हणाला, "फिरले भाऊ पुन्हा! तुमचा भरोसा नाई आता." खुशालभाऊंनी खडू खाली ठेवताना एकदा माझ्याकडे बघितलं. वाट बघितली. मी खडू उचलून डबीत ठेवला.

होय. तेव्हाही नाही बोललो.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोलायला उभा राहिलो ते सगळं सांगायचं ठरवूनच. पण तोंडातून निघालं, "खुशालभाऊ फार चांगले माणूस होते," आणि बसलो. मंचावरून आवाज आला, "होते? मी हावो ना बे अजून!" सगळा मांडव हसला, त्यात ते सगळ्यांत जास्त.

शेवटचं भेटायला त्यांच्या गावी गेलो ते मागच्या थंडीत. तब्येत उतरली होती. अंगणात खाटेवर बसून कानात तार घालून ऐकत होते. चुलबंदचा आठवा अल्बम आला होता, त्याबद्दल त्यांचं मत बनायचं होतं. "अजून ऊन दाखवून राहिलो त्याले," म्हणाले. वहिनींनी चहा दिला. त्या आत गेल्यावर त्यांनी कानातली तार काढली.

"सांगतलं काय कोनाले?"

"नाई भाऊ."

"तुले बोलता येत नाई," ते म्हणाले, तक्रार नव्हती त्यात. "लिवता येते. गाण्यात दिसलं मले. मंग लिवून टाक ना गा. माझ्यासाठी नाई. मले काय, माझं नाव गेलं त गेलं, त्याले आता कोन खरेदी करते? पण तो मनोहर. तो अजून समजते का त्याचा अल्बम पयला हाये. तसेच पुन्हा करंन एखादा."

म्हणून लिहितो. भंडाऱ्याच्या मैदानावर लागलेली ती यादी खुशाल मेश्राम यांची नव्हती. ती मी बदलली होती, सुधाकर बोरकर, काट्यावरचा. त्यांनी 'रोवणी' कायम पहिला ठेवला आणि 'पुण्याचा पाहुणा' कायम सातवा, माझं गाणं ऐकण्याआधीही आणि ऐकल्यानंतरही. त्यांनी उलटं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकदाही उलटं सांगितलं नाही. मनोहर, तू हे वाचत असशील तर तुझीही माफी मागतो. तो अल्बम वाईट आहे रे.

त्या दिवशी ते मला थांब्यापर्यंत सोडायला आले, नको नको म्हणत असताना. काठी घेऊन, हळूहळू. यष्टी आली, मी चढलो, मागच्या सीटवर जाऊन बसलो. थांब्यावर साकोलीकडच्या गाडीची वाट बघणारा एक अनोळखी माणूस होता. त्याच्या मोबाइलवर चुलबंद वाजत होता. गाडी हलली तेव्हा खुशालभाऊंनी मला हात करायच्या ऐवजी त्या माणसाला धरलेलं होतं. काठी काखेत, आणि बोटांवर मोजणं सुरू. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. तो माणूस काहीतरी वाद घालत होता, खुशालभाऊ थांबत नव्हते. पहिल्या हाताची बोटं संपली, दुसरा हात वर आला. सहावं. सातवं बोट उघडताना त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, ओलं धान चावल्यासारखं, आणि जोरात मान हलवली.

मागच्या काचेतून मला काही ऐकू येत नव्हतं. यष्टीभर माणसं बसली होती, तरी मी मोठ्यानं हसलो.